बोलीसंकलनासाठी संगणकावरील साधी खिडकी : टीकिंटरचा परिचय व तदनुषंगिक भाषिक प्रश्न

१. विषयप्रवेश

घोडेगावहून डिंभे धरणाच्या बाजूने भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळेघर हे गाव लागते. आंबेगाव तालुक्याच्या या पश्चिम भागात, तसेच लगतच्या जुन्नर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात, महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. भात, नाचणी व वरई ही येथील पिके, आणि हिरडा हे येथील महत्त्वाचे वनोपज. खाचर, राब, आवणी, इरले अशा शब्दांभोवती येथील कृषिजीवनाची शब्दसंपत्ती उभी आहे, आणि ती ज्यांच्या मुखी पूर्णपणे वसते अशा वृद्ध निवेदकांची संख्या दरवर्षी घटणार हे उघड आहे. पदव्युत्तर वर्गाच्या क्षेत्रकार्यासाठी असे गाव निवडले असता अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो सिद्धान्ताचा नसून नोंदींचा असतो. ऐकलेला शब्द कोठे लिहावयाचा, कसा लिहावयाचा, आणि सहा महिन्यांनंतर तो पुन्हा नेमका कसा शोधावयाचा?

वही व पेन्सिल यांची थोरवी कमी नाही. तथापि वहीतील नोंदी पुढे संगणकावर चढवाव्या लागतातच, आणि त्या वेळी नक्कल करताना नवे दोष शिरतात. तक्त्यांचे तयार प्रोग्राम वापरावेत, तर त्यांची रचना हिशेबाच्या सोयीची असते. एका प्रश्नाला तीन उत्तरे मिळाली की तक्ता विस्कटतो. संकेतस्थळावरील प्रश्नावली वापरावी, तर घाटमाथ्यावर, विशेषतः पावसाळ्यात, जोडणीचा भरवसा धरता येत नाही. अशा स्थितीत अभ्यासकाने स्वतःच्या प्रश्नावलीस अनुरूप अशी एक लहानशी खिडकी स्वतःच तयार करावी, हा मार्ग उरतो. तो वाटतो तितका दुर्गम नाही. प्रस्तुत लेखात या मार्गाचा परिचय करून द्यावयाचा असून, तो करून देताना भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास विशेष महत्त्वाच्या अशा काही प्रश्नांची चर्चा करावयाची आहे.

२. नोंदपत्र आणि पुरावा

नोंदपत्राचा आकार हा केवळ सोयीचा प्रश्न आहे, अशी समजूत सामान्यतः आढळते. ती बरोबर नाही. ग्रियर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी ठिकठिकाणच्या सरकारी अधिकाऱ्यांमार्फत एका ठराविक कथेची भाषांतरे व ठराविक शब्दवाक्यांची यादी मागविण्यात आली होती. या पद्धतीमुळे दूरदूरच्या बोलींची तुलना शक्य झाली, हा तिचा मोठाच लाभ होय. परंतु मागितले भाषांतर, म्हणून मिळाले भाषांतर. सहज संभाषणातील रूपे त्या चौकटीत येणे कठीण होते. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी ग्रंथमाला सिद्ध केली, तिचा दक्षिण कानडा जिल्ह्यातील कोकणीवरील पहिला भाग १९६३ मध्ये व कुडाळीवरील भाग १९६५ मध्ये निघाला. तीत ध्वनिविचार, रूपविचार, उतारे व शब्दसंग्रह अशी मांडणी असल्याने पुराव्याचे स्वरूपच निराळे झाले. अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून केलेल्या सर्वेक्षणात ध्वनिमुद्रणे व नकाशे यांना प्राधान्य मिळाले आहे. प्रत्येक टप्प्यावर चौकट बदलली आणि तिच्याबरोबर दिसणारी भाषाही बदलली, असे म्हणण्यास हरकत नाही.

संगणकाची खिडकी हीही अशीच एक चौकट होय. तिच्यात उत्तरासाठी एकच रकाना ठेवला तर बोलीतील पर्याय नाहीसे होतील. प्रमाण शब्दांची तयार यादी ठेवून ‘यांतून निवडा’ असे सांगितले तर संकलकाच्या कानालाही प्रमाण शब्दच ऐकू येऊ लागतील. यास्तव ही चौकट दुसऱ्याने आखावी व आपण निमूटपणे भरावी, हे संशोधकास शोभत नाही.

३. साधनाची निवड

खिडकी, रकाने, बटणे इत्यादी घटक प्रत्येक वेळी मुळापासून रचावे लागत नाहीत. ते तयार स्वरूपात पुरविणाऱ्या उपप्रोग्रामांच्या संचास ‘लायब्ररी’ म्हणतात. क्यूटी किंवा जीटीके यांसारख्या लायब्रऱ्या अतिशय समर्थ आहेत, पण त्यांचा पसाराही तेवढाच मोठा आहे. नवशिक्या अभ्यासकास व जुन्या संगणकास मानवेल अशी हलकी लायब्ररी म्हणजे टीकिंटर.

तिचा इतिहास थोडक्यात असा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात जॉन औस्टरहौट यांनी १९८८ च्या सुमारास टिकल नावाची एक लहान आज्ञाभाषा रचण्यास प्रारंभ केला. तिच्या जोडीला खिडक्या रचण्यासाठी त्यांनी टीके हा संच तयार केला. या कार्याबद्दल त्यांना १९९७ चा असोसिएशन फॉर कम्प्यूटिंग मशिनरी या संस्थेचा प्रणालीविषयक पुरस्कार मिळाला. १९९१ मध्ये गीडो व्हॅन रॉसम यांची पायथन ही भाषा प्रसिद्ध झाली. पायथनमधून टीकेला आज्ञा देता याव्यात म्हणून जो दुवा बांधला गेला, तोच टीकिंटर. तो पायथनच्या प्रमाण संचाचा भाग असल्याने विंडोजवर सहसा वेगळा उतरवून घ्यावा लागत नाही. लिनक्सच्या अनेक वितरणांत मात्र तो स्वतंत्रपणे बसवावा लागतो. टीकेची ९.० ही आवृत्ती २०२४ मध्ये निघाली, यावरून हे साधन जुने असले तरी निर्जीव झालेले नाही, हे ध्यानात येईल.

४. घटकांचा वृक्ष

वाक्याचे आपण घटकांत व घटकांचे उपघटकांत विश्लेषण करतो. शेवटी पदापाशी येऊन थांबतो. टीकिंटरमधील खिडकीची रचना नेमकी अशीच आहे. सर्वांच्या मुळाशी एक मुख्य खिडकी असते. तिच्या पोटात ‘फ्रेम’ म्हणजे चौकटी, आणि चौकटींच्या पोटात अखेरचे घटक. स्थिर मजकुरासाठी ‘लेबल’, एका ओळीच्या लेखनासाठी ‘एन्ट्री’, अनेक ओळींसाठी ‘टेक्स्ट’, निवडीसाठी ‘रेडिओबटन’ किंवा ‘कॉम्बोबॉक्स’, आणि आज्ञेसाठी ‘बटन’. प्रत्येक घटक निर्माण करताना त्याचा जनक कोण हे प्रथम सांगावे लागते. जनक नष्ट झाला की त्याची सारी संततीही नष्ट होते.

घटक निर्माण केला म्हणजे तो दिसतोच असे नाही. त्याची जागा ठरवावी लागते. यासाठी तीन पद्धती उपलब्ध आहेत. ‘पॅक’ घटकांना एकाखाली एक किंवा एकाशेजारी एक रचते. ‘ग्रिड’ ओळी व स्तंभ यांच्या जाळ्यात बसविते. ‘प्लेस’ नेमक्या मापाने ठेवते. नोंदपत्रासाठी ‘ग्रिड’ सर्वांत सोयीची. तिच्यात घटक कोणत्या कडांना चिकटावा हे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण या दिशांनी सांगतात. खिडकी मोठी केली असता कोणता स्तंभ वाढावा हे त्या स्तंभास ‘भार’ देऊन ठरवितात. भार शून्य असेल तर स्तंभ आहे तेवढाच राहतो. उत्तराच्या स्तंभास भार द्यावा, लेबलांच्या स्तंभास देऊ नये. एकाच चौकटीत ‘पॅक’ व ‘ग्रिड’ यांची मिसळ करू नये, हा नियम कटाक्षाने पाळावा. जुन्या आवृत्त्यांत या दोहोंच्या ओढाताणीत खिडकी गोठून जात असे. नव्या आवृत्त्या दोष दाखवून थांबतात. निरनिराळ्या चौकटींत मात्र निरनिराळ्या पद्धती खुशाल वापराव्यात.

५. घटना व प्रतिसाद

सामान्य प्रोग्राम पहिल्या विधानापासून शेवटच्या विधानापर्यंत क्रमाने चालतो. खिडकीच्या प्रोग्रामाचे तसे नसते. मांडणी पूर्ण झाल्यावर तो ‘मेनलूप’ या आवर्तनात शिरतो व वाट पाहतो. कळ दाबली, बटणावर टिचकी मारली, खिडकी बंद केली, या सर्व ‘घटना’ होत. कचेरीच्या खिडकीशी बसलेला एकटा कारकून रांगेतील एकेक अर्ज घेतो, त्याचा निकाल लावतो व पुढचा अर्ज मागतो, तसे हे आवर्तन आहे. एका अर्जाला तासभर लागला तर रांग तासभर खोळंबते. म्हणून मोठ्या ध्वनिफितीची नक्कल करण्यासारखे दीर्घ काम बटणाच्या प्रतिसादात घालू नये; घातल्यास ते संपेपर्यंत खिडकी मृतवत् दिसते, आणि संकलक घाबरून ती बंद करतो. काम लहान तुकड्यांत विभागून ‘आफ्टर’ या सोयीने थोड्याथोड्या अवधीने करवावे, किंवा स्वतंत्र धाग्यात सोपवावे. दुसऱ्या धाग्यातून खिडकीतील घटकांना हात लावू नये, एवढे पथ्य मात्र सांभाळावे.

नवशिक्यांकडून एक चूक हमखास होते, आणि तिचे स्वरूप भाषाभ्यासकास ओळखीचे वाटेल. बटणाला ‘कोणते फंक्शन चालवावयाचे’ हे सांगताना फंक्शनचे केवळ नाव द्यावयाचे असते. नावापुढे कंस घातले की ते फंक्शन तत्क्षणीच चालते, आणि बटणाच्या हाती त्याचा निकाल तेवढा पडतो. परिणामी खिडकी उघडताच एक रिकामी नोंद साठविली जाते व नंतर बटण दाबूनही काहीच घडत नाही. शब्दाचा उल्लेख व शब्दाचा उपयोग यांतील जो भेद पाणिनीपासून आपल्या परंपरेने जपला, तोच येथे कंसांच्या रूपाने उभा आहे. नाव हा उल्लेख; कंसांसह नाव हा उपयोग.

६. नोंदपत्राची आखणी

आता प्रत्यक्ष नोंदपत्राकडे वळू. गाव, निवेदकाचा संकेतांक, वयोगट, प्रश्नक्रमांक, उत्तर, उत्तराचा प्रकार, ध्वनिफितीचे नाव व शेरा, एवढे रकाने प्रारंभी पुरेत. निवेदकाचे नाव या खिडकीत मुळीच असू नये. नाव व संकेतांक यांची सांगड निराळ्या जागी ठेवावी, म्हणजे नोंदी इतरांना दाखविताना निवेदकाचा विश्वास अबाधित राहतो.

उत्तर हे प्रश्नाचे पोटअंग न मानता स्वतंत्र नोंद मानावी. रोपे खाचरात लावण्याच्या क्रियेस कोणी ‘आवणी’ म्हणेल, कोणी ‘लावणी’ म्हणेल, एखादा निवेदक दोन्ही शब्द देऊन त्यांतील भेदही सांगेल. ‘आणखी उत्तर’ असे एक बटण ठेवले की तोच प्रश्नक्रमांक कायम राहून नवी नोंद उघडते. बोलीतील विकल्प टिकविण्याची ही सर्वांत सोपी युक्ती होय.

उत्तर न मिळणे याचेही प्रकार असतात. प्रश्न विचारलाच नाही; विचारला पण निवेदकास शब्द आठवला नाही; किंवा ती वस्तूच त्या गावी नाही. हे तीन निराळे भाषिक पुरावे आहेत. रिकाम्या रकान्यात ते तिन्ही एकरूप होतात. यासाठी रेडिओबटणांचा एक गट ठेवावा, आणि त्यांतील कोणतेही बटण आधीच निवडलेले असू नये. आधीच केलेली निवड ही संकलकाच्या वतीने यंत्राने दिलेली साक्ष ठरते, आणि घाईच्या वेळी ती तशीच साठविली जाते. वाटल्यास निवड झाल्याखेरीज ‘साठवा’ हे बटण निष्क्रिय ठेवावे.

गावांची नावे बंद यादीतून घ्यावीत, कारण तेथे एकरूपता हवी. उत्तराचा रकाना मात्र पूर्ण मोकळा असावा, आणि त्यावर शुद्धलेखनाची कोणतीही आपोआप दुरुस्ती लागू नये. निवेदकाने ‘पानी’ म्हटले असेल तर ‘पानी’ हेच उत्तर होय. ते ‘पाणी’ करणारे यंत्र ण व न यांच्या वाटपाविषयीचा पुरावाच पुसून टाकते.

७. देवनागरीचे चार प्रश्न

खिडकी तयार झाली तरी तीत लिहिली जाणारी लिपी देवनागरी आहे, आणि येथे चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट अक्षराच्या गणनेची. ‘क्षि’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसते. युनिकोडच्या दृष्टीने ते क, हलन्तचिन्ह, ष व वेलांटी अशा चार संकेतांचे बनते, आणि पायथन त्याची लांबी चार सांगते. रकान्यास ‘दहा अक्षरांची मर्यादा’ घालणे किंवा लांबीवरून अक्षरसंख्या ठरविणे यामुळे निरर्थक ठरते.

दुसरी गोष्ट एकाच रूपाच्या अनेक संकेतनांची. देवनागरीत ‘जग’ हा शब्द दोन प्रकारे उच्चारला जातो : विश्व या अर्थी तालव्य ज, आणि जगणे या क्रियेच्या आज्ञार्थी दन्त्य ज. लिपी हा भेद दाखवीत नाही. बोलीच्या नोंदीत तो दाखवावाच लागतो, म्हणून दन्त्य वर्णाखाली नुक्ता देण्याचा संकेत स्वीकारता येतो. परंतु नुक्तायुक्त ज युनिकोडमध्ये एकाच संकेतानेही लिहिता येतो, आणि ज व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. दिसण्यात दोन्ही एक, शोधताना दोन्ही भिन्न. असाच प्रश्न ‘दऱ्या’ या शब्दाचा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगे, हा भेद मराठीत केवळ र च्या रूपाने दाखविला जातो. हा अर्धा र स्वतंत्र ऱ घेऊनही लिहिता येतो, आणि साधा र, हलन्तचिन्ह व अदृश्य जोडचिन्ह घेऊनही. पायथनमधील युनिकोडविषयक प्रमाण संचात ‘नॉर्मलाइझ’ ही सोय आहे. तिच्या ‘एनएफसी’ या प्रकाराने र व नुक्ता यांचा एक ऱ होतो, तर एकसंकेती नुक्तायुक्त ज दोन संकेतांत विभागला जातो. दिशा भिन्न असल्या तरी परिणाम एकच : एका रूपाला एक संकेतन. अदृश्य जोडचिन्हाचे रूप मात्र या सोयीने बदलत नाही. त्यासाठी स्वतः लिहिलेला बदलनियम लावावा. हे सारे ‘साठवा’ या बटणाच्या प्रतिसादातच उरकावे.

तिसरी गोष्ट वर्णक्रमाची. युनिकोडमध्ये ळ चे स्थान ल नंतर व व च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत ते ह नंतर. यंत्राच्या स्वाभाविक क्रमाने लावलेल्या शब्दसूचीत ‘माळ’ हा शब्द ‘मास’ या शब्दाच्या आधी येतो, आणि कोश पाहण्याची सवय असलेला वाचक गोंधळतो. सूची लावताना प्रत्येक वर्णास आपल्या क्रमाचा अंक देणारी एक लहान सारणी पुरवली की हा दोष दूर होतो.

चौथी गोष्ट दर्शनाची. विंडोजवर जोडाक्षरांची जुळणी मूळ प्रणाली करते, त्यामुळे टीकिंटरच्या रकान्यांत देवनागरी नीट दिसते. लिनक्सवर टीकेची ८.६ ही आवृत्ती ही जुळणी करीत नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते व जोडाक्षरे सुटी दिसतात. साठविलेला मजकूर बिनचूकच असतो. फसवते ते त्याचे दर्शन. तरीही समोरचा शब्द वाचता येत नसेल तर तपासणी अशक्य होते. आपल्या संगणकावर हा दोष आढळल्यास विंडोजचा संगणक वापरावा, अथवा अशा कामापुरती जड पण लिपिजुळणी जाणणारी क्यूटी किंवा जीटीके ही लायब्ररी घ्यावी. ही परीक्षा गावी जाण्यापूर्वी करावी हे वेगळे सांगावयास नको.

८. साठवण

नोंदी साठविण्यासाठी एस्‌क्यूलाइट ही लहान माहितीप्रणाली पायथनबरोबरच येते. २००० मध्ये निघालेली ही प्रणाली मुळात टिकलची पुरवणी म्हणूनच रचली गेली होती, त्यामुळे टीकिंटरशी तिचे नाते जुने म्हणावे लागेल. सर्व माहिती एकाच धारिकेत राहते व वेगळी यंत्रणा चालवावी लागत नाही. प्रत्येक नोंदीनंतर ‘कमिट’ करावे. म्हणजे वीज गेली किंवा संगणकाची बॅटरी संपली तरी फार तर एक नोंद जाईल, दिवसाचे श्रम जाणार नाहीत. नोंद साठवल्यावर उत्तराचा रकाना रिकामा व्हावा, गाव व निवेदकाचा संकेतांक तसाच राहावा, आणि लेखनचिन्ह पुन्हा उत्तराच्या रकान्यात जावे. बोलणाऱ्या माणसाकडे पाहण्याऐवजी संकलकाला उंदीर शोधावा लागत असेल तर मुलाखतीचा ओघ तुटतो.

दिवसअखेर सर्व नोंदी साध्या मजकुराच्या तक्त्यात उतरवून घ्याव्यात. हा तक्ता एक्सेलमध्ये उघडावयाचा असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ या संकेतनाने लिहावा. साधे यूटीएफ-८ वापरल्यास देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसण्याचा संभव असतो. या तक्त्याची छापील प्रत गावी परत द्यावी. ज्यांच्या तोंडचे शब्द आपण घेतले त्यांनी ते वाचून ‘हे असे नाही’ असे म्हणण्याची संधी मिळणे, ही तपासणीची सर्वोत्तम पद्धती आहे.

९. उपसंहार

वरील वर्णनातील खिडकी सुमारे दीडदोनशे ओळींच्या प्रोग्रामात सिद्ध होऊ शकते. ती देखणी नसेल. विकत मिळणाऱ्या साधनांची झळाळी तिला येणार नाही. परंतु तिच्यातील प्रत्येक रकाना का आहे व प्रत्येक सक्ती का नाही, हे तिच्या कर्त्यास ठाऊक असेल. बोलीचा पुरावा गोळा करणाऱ्यास या ज्ञानाचे मोल अधिक आहे, कारण नोंदपत्रात ज्याला जागा नाही ते पुढील अभ्यासकास कधीच दिसत नाही. विद्यार्थ्यांनी प्रथम एक लेबल, एक एन्ट्री व एक बटन एवढ्यानेच प्रारंभ करावा, वर्गातील सहाध्यायांच्या बोलींवर ते पारखून पाहावे, आणि प्रश्नावली जसजशी वाढेल तसतशी खिडकी वाढवावी.